डोमाची रात्र

सीताफळाचे डोळे उघडले की आमच्या घरी
डोमा बियावाल्याची रात्र येते.
कॅलेंडरात नाही ती. मोठी वहिनी ठरवते,
कॉटन मार्केटातली टोपली हुंगून.

दूध आटवायचं, खाली उतरवायचं,
आणि निवल्याशिवाय गर टाकायचा नाही.
घाई केली की नासतं.
घाईचं सगळंच, म्हणते ती, माझ्याकडे बघत.

डोमा म्हणे कोष्टी होता, गोळीबार चौकाकडचा.
माग विकला गेला, तेव्हा शेल्यात बिया बांधून
उमरेडच्या वाटेनं चालत सुटला;
खाईल तिथे थुंकायचा, थुंकेल तिथे झाड.
"काहून बाप्पा," पोट्टे विचारतात, "विकायच्या होत्या ना!"
कुणाला ठाऊक. होता की नव्हता तेही.

रस्ता चौपदरी झाला त्या साली
एक झाड राहिलं नाही.
त्या रात्री भाऊ वाटी अर्धी ठेवून उठला होता.

तरी नियम आहे : बी फेकायची नाही,
ताटलीत मोजायची. ज्याच्या जास्त, त्यानं पेरायच्या.
यंदा चार्वीच्या निघाल्या एक्केचाळीस.
सकाळी शाळेच्या स्कर्टच्या खिशात भरून
स्कूटरवर माझ्यामागे बसली,
आणि मेट्रोच्या खांबांमधल्या मातीच्या पट्टीत
सिग्नल लाल असेस्तोवर
एकेक टाकत राहिली.

हिरवा झाला. मागून हॉर्न.
"थांब ना काका, बारा उरल्यात."