ओहोटीचं वेळापत्रक

फ्रिजच्या दारावर दोन कागद:
एक ओहोटीच्या वेळांचा, मच्छीमार संघानं दिलेला,
दुसरा सांतियागोच्या इस्पितळाचा.
नऊ वर्षं दोन्ही एकाच चुंबकाखाली.
चुंबक खेकड्याच्या आकाराचा.
इरिया म्हणते, आई, बदल ना तो.
राहू दे गं, आरोउसाच्या खाडीवर
खेकडे कुणाच्या घरात नाहीत?

आज ओहोटी पावणेसातला.
सुजऱ्या हातावर ती घट्ट बाही चढवायला वीस मिनिटं,
म्हणून माझा दिवस बाकीच्या बायकांआधी
वीस मिनिटं उजाडतो.
वरून स्वेटर, एका बाजूनं सपाट.

हाडांत उतरलंय ते. कंबरेत, बरगडीत.
डॉक्टर औतेइरिन्यो पडद्यावर बोट टेकवून म्हणते,
"स्थिर आहे."
मी पन्नास वर्षं या चिखलात उभी,
इथे एक दगडसुद्धा कालच्या जागी सापडत नाही.
तरी तो शब्द रुमालात बांधून घरी आणते,
तीन महिने
पुरवून पुरवून वापरते.

बादली आता उचलवत नाही.
पहिल्या वर्षी त्याचं रडू आलं होतं.
आता ओब्दुलिया उचलते, शिव्या घालत
(मला नाही, बादलीला),
आणि मी माप धरते.
पितळी पट्टी, तिला एक फट;
फटीतून निसटली ती शिंपली लहान.
परत चिखलात टाकायची.
जा बाई, वाढ जरा.

ऑक्टोबरात नगरपालिकेची माणसं आली गुलाबी टोप्या घेऊन,
तुम्ही जिंकलात, मोर्चात पुढे चाला.
म्हटलं, जिंकले नाही. हरलेही नाही.
आणि नेमकी त्या दिवशी ओहोटी साडेदहाला.
एरुंदिना गेली असती. टोपी आवडली असती तिला.
चौथ्या वर्षी गेली ती.
तिचं दाताळं माझ्याकडे आहे.
मुठीवर तिच्या बोटांच्या खाचा,
माझ्या बोटांना किंचित मोठ्या होतात.

लोक विचारतात, या आजारानं काय शिकवलं?
चिडायला शिकवलं.
गोळ्या मोजायला शिकवलं, एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस नाही.
जगण्याचा अर्थ वेचायला मी वाकत नाही,
वाकणं फार महाग पडतं मला.
वाकते ती शिंपल्यांसाठी.

मार्चमध्ये बीज पेरलं.
नखाएवढी पिल्लं, मुठीमुठीनं.
मापाला उतरायला तीन वर्षं लागतात त्यांना.
संघाच्या वहीवर बसलेल्या पोरानं विचारलं,
"तुमचाही वाटा धरायचा का, दोसिंदा?"
आणि जीभ चावली.
ओब्दुलिया उगाच बादलीत बघत राहिली.

धर, म्हटलं.
आडनावासकट लिही, आणि जरा सुवाच्य.

मग हातातली शेवटची मूठ सोडली.
पाणी घोट्याला लागलं होतं,
निघालो.