दहामुखी

सात प्रती आहेत आमच्याकडे, आणि सातही बाहेर.
लुइझियानातल्या बायूकाठच्या या दोन खोल्यांच्या वाचनालयात
एवढी रांग फक्त वादळाच्या आदल्या दिवशी लागते,
तीही समोरच्या दुकानात, पाण्याच्या बाटल्यांसाठी.

पहिली प्रत परत आली ती कोळंबीचा वास घेऊन.
अल्सीड फॉन्टनो म्हणाला, दोन रात्री होडी धक्क्यालाच होती,
बर्फ वितळून गेला, बायको बोलेनाशी झाली,
पण तो पोरगेला वकील उलटतपासणीला उभा राहिला ना,
मी केबिनमध्ये एकट्यानं टाळ्या वाजवल्या.
याच माणसाचं दुसरं असेल तर माझं नाव लिहून ठेव.

ओदील एबेर, निवृत्त मास्तरीण,
तिनं स्वल्पविराम पेन्सिलीनं दुरुस्त करून दिले.
"यातल्या सगळ्या बायकांचे पाय लांब आणि वाक्यं आखूड!"
ती गेल्यावर मी प्रत चाळली.
शेवटच्या शंभर पानांत
पेन्सिल कुठे टेकलेलीसुद्धा नव्हती.

हवालदाराचं म्हणणं, बेड्यांचा आवाज असा येत नाही.
वकील गिड्री पोट धरून हसला:
"एका रात्रीत हरवलेला साक्षीदार सापडतो म्हणे!
मला तारखेला माझा अशील सापडत नाही."
आणि लिओना, जी नेहमी शेवटचं पान आधी वाचते,
म्हणाली, नवरा गेल्यापासून
काय होणार ते ठाऊक असलेलंच बरं वाटतं.

गुरुवारी सगळे जमले. चिकरीची कॉफी, घडीच्या खुर्च्या.
बाराजण होते. मी गंमत म्हणून हात वर करायला लावले.
आवडलं: दहा. नाही: दोन.
"दहा-दोन! झाला निकाल," कोणीतरी ओरडलं,
आणि सगळे हसले.
गिड्री हसायचा थांबला.

दोनातली एक ओदील, हे तर उघडच होतं.
दुसरी युलाली बातिस्त, जी कधी कशाला नाही म्हणत नाही,
चर्चच्या केकला नाही, कोणाच्या मांजराला नाही.
पुस्तक तिनं मिटूनच पुढे केलं.
खूण तीनशे अठराव्या पानावर,
ज्यूरी आतल्या खोलीत जाते तिथे.

"पुढे वाचलं नाही मी.
यात म्हणे एक बाई नाही म्हणते
आणि अकराजणांना थांबावं लागतं.
सत्त्याऐंशी साली मीही म्हटलं होतं.
मी आणि एक टायरवाला, नाव आठवत नाही आता.
तेव्हा इथे दहा पुरे होते.
आमच्याशी कोणी भांडलंसुद्धा नाही.
जेवणाचे डबे यायच्या आत आटपलं.
एकोणीस वर्षांचा पोरगा.
शर्टाच्या घड्या अजून दुकानातल्याच होत्या."

अल्सीड टोपी हातात घेऊन
तिच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहिलंय तसा बघत राहिला.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
दहांच्या मुखानं तो काय बोलला ते कागदावर आहे, शिक्क्यानिशी.
उरलेल्या दोघांकडे तो फिरकलाच नसेल,
असं मला म्हणवत नाही.

कायदा पुढे बदलला. मतदान झालं, मीही गेले होते,
बाहेर पडताना छातीवर स्टिकर लावून मिळाला.
त्या पोराचं काय झालं, मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

दारात युलाली थांबली.
"पुस्तक वाईट नाही गं," म्हणाली,
"मला ते खरं वाटलं असतं, म्हणून मिटलं."

आणि मी? माझा हात कोणी मोजला नाही.
मला आवडतं ते. तीनदा वाचलंय,
चौथ्यांदाही वाचीन.
फक्त तीनशे अठराला आले
की उठून नळाखाली ग्लास धरते,
आणि तो भरून वाहायला लागला तरी
थोडा वेळ तशीच उभी राहते.