सांभाराचा भाव

पहाटे साडेचारला कॉटन मार्केटात
सांभाराची जुडी वीस रुपये.
मैनाबाई ढकाते म्हणते, "वीसच, बाप्पा."
शेजारचा रफिक काही बोलत नाही,
नुसता पाणी शिंपडतो जुड्यांवर.

मौद्याकडून दोन टेम्पो येतात.
अठरा. सोळा. समोरच्या ओळीत कुणीतरी चौदा.
मैनाबाई त्याला शिवी घालते
आणि स्वतःही चौदावर येते.

बारा होताच गिऱ्हाईक घोळक्यानं वाकतं:
खानावळवाले, सावजीवाले, लग्नाचा एक आचारी.
तेरा होतात.
मग तेराच. बराच वेळ तेराच.
कुणी ठरवलं, विचारलं तर
सगळे एकमेकांकडे बोट दाखवतील.

बत्तीस वर्षं फळ्यावर
मी दोन रेघा काढल्या, जिथं कापल्या तिथं
ठिपका दिला : समतोल, लिहून घ्या.

दहाला मागणारी एक बाई
पिशवीची घडी करून निघून जाते.
तीही होती त्याच रेघेवर,
ठिपक्याच्या खाली, उजवीकडे.
तिथं मी कधी खडू टेकवला नाही.

सातला मैनाबाई पोतं झटकते.
"घेत काही नाही, सर, नुसते पाह्यत राह्यता."
उरलेली एक जुडी, जरा सुकलेली,
माझ्या पिशवीत टाकते
आणि भाव सांगत नाही.