अधिवास : खाजण

कपाट नंबर चार, वरून तिसरा खण.
डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याच्याखाली अजून कसला तरी,
जुन्या गोंदाचा असेल.
जाड कागदावर शिवलेली एक फांदी,
पांढऱ्या दोऱ्याचे पाच टाके,
पानांच्या कडांना काटे,
एक फूल, चहाच्या डागाच्या रंगाचं.

नावाची जागा कोरी.
बाकी सगळं आहे.
स्थळ : माहूल.
अधिवास : खाजण, गुडघाभर चिखल, भरतीचं पाणी.
११ मार्च १९७३.
शेरा : फूल निळं. सुकल्यावर विश्वास बसणार नाही.
संग्राहक : इ. रा. खरसुंदीकर.

एकवीस वर्षं मी ही कपाटं पुसते,
कसर लागली का ते कागद उचलून बघते.
बिननावाचा कागद हा एकटाच नाही.
पण विश्वास बसणार नाही, असं
झाडाच्या लेबलावर कोण लिहितं?

मी म्हटलं, कोरांटी.
काटे आहेत, निळी असतेच की,
विट्याला आमच्या परसात कुंपणभर होती.
फडकेसरांनी चष्मा कपाळावर घेतला.
"कोरांटी चिखलात कशाला उभी राहील, रोहिणीबाई?"
आणि पुन्हा पेपर तपासायला लागले.
खरंच. कोरांटी मुरमाची, बांधाची.
पाय ओले राहिले की कुजते.
मी काटे पाहिले होते,
झाड उभं कुठे होतं, ते वाचलंच नव्हतं.

रविवारी चेंबूरहून बस.
तेलाच्या टाक्या, एकामागे एक,
लग्नघरातले पिठाचे डबे मांडावेत तशा.
पुढे धक्का, पालथ्या होड्या, ओहोटी.
चपला हातात घेतल्या.
पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं,
दुसरं सलवार दुमडली होती तिथपर्यंत,
आणि तिसरं टाकावं की नाही
हे ठरवत असताना तिवरांच्या सावलीत दिसलं.

निळं.
नीट सांगायचं तर जांभळ्याकडे कललेलं,
मधून फिकट पिवळा पट्टा.
एकच पाकळी, खाली लोंबणारी.
वरची कुणी खाल्ली म्हणून दुसरं फूल पाहिलं,
मग तिसरं, मग मोजणं सोडलं.
वरचा ओठ कुणालाच नाही.
आणि मी कागदावरची ती पाकळी
इतकी वर्षं दाबताना तुटली समजत होते.

पानावर बोट फिरवलं, चाटलं.
मीठ.

"काय चाटतंस गो बाय?"
कमरेला डबा, हातात लोखंडी आकडा,
मांडीपर्यंत चिखल, जणू तो तिचाच.
मी म्हटलं, हे झुडूप कुठलं?
"ही? मारांडी."
पुढे काही विचारायच्या आत ती वाकली,
काट्यांच्या बुडाशी खांद्यापर्यंत हात घातला,
"ही दिसली का बिळ असतंच,"
आणि एक चिंबोरी बाहेर, रागावलेली, नांग्या उघडून.
तिच्या वहीत मारांडी म्हणजे चिंबोरीचा पत्ता.
माझ्या वहीत पत्ता होता, नाव नव्हतं.

एकच फांदी घेतली,
परवानगीचा कागद पिशवीत होता,
तो तिथे कुणालाच दाखवावा लागला नाही.
बसमध्ये शेजारच्या बाईनं पाय बाजूला घेतले.

सोमवारी लेबलावर लिहिलं : मारांडी.
लॅटिन सर घालतील.
नाव सांगणाऱ्यासाठी रकाना नसतो,
म्हणून अधिवासाच्या ओळीखाली बारीक अक्षरात
गुलाब वैती, माहूल.
खरसुंदीकरांनी कुणाला विचारलं नसेल का?
की विचारलं, आणि ते नाव
लेबलावर लिहिण्याजोगं वाटलं नाही?

नवी फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबली,
वर विटा ठेवल्या.
बुधवारी उघडली, निळं होतं.
गुरुवारी होतं.
शुक्रवारी कडेकडेनं
चहा सांडायला लागला.