परत आलेल्या बाटल्या

नऊ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला, शिक्क्यासकट:
लबान निर्दोष. पोरांना बाधलं ते सँडविचमधलं मेयोनेज.
मी तो गाडीच्या काचेला आतून चिकटवला.
ऑगस्टच्या उन्हात दोन दिवसांत पिवळा पडला,
कडा वळल्या,
जसा तोही नासत चालला होता.

सोहार ते सहम, रस्त्याकडेचे बावीस बकाले.
पहाटे गाडी भरून नेतो,
दुपारी जवळजवळ तेवढंच ओझं परत आणतो.

कुन्हिमोननं बाटल्या खालच्या फळीवर नेल्या,
झुरळांच्या औषधाशेजारी.
"वाचलाय रे मी कागद," म्हणाला,
"पण वर ठेवलं की गिऱ्हाईक बाटलीकडं नाही, माझ्याकडं बघतं."

खल्फानबाबांनी पन्नास वर्षं भातावर हेच ओतलं.
आता बाटली उचलतात, तारीख वाचतात,
चष्मा पुसून पुन्हा वाचतात,
आणि पाण्याची घेऊन जातात.
तारखेत काही नसतं, त्यांना ठाऊक आहे.
पण त्या सात पोरांतला एक त्यांच्या गल्लीत सायकल फिरवतो,
सलाईनची पट्टी अजून हाताला.

उम्म सालिम तेवढी सरळ बोलली.
"भीती लबानची नाही. उद्या माझ्या लेकाचं पोट
ऊन लागून जरी दुखलं, तरी सासू विचारेल,
काय पाजलंस?"
ह्यावर माझ्याकडं कागद नव्हता.

आमच्यात म्हणतात, दुधानं तोंड पोळलं
की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.
इथं तर ताकानंच पोळलं म्हणे. न पोळताच.
आता फुंकायचं काय?

लेबर कॅम्पात मात्र अर्ध्या किमतीला रांग लागली.
तिथं कुणाला कुणी विचारणारं नाही,
काय प्यालास.

संध्याकाळी डेपोमागं उरलेल्या बाटल्या ओततो.
वाळूत पांढरं डबकं, मग नुसता ओला डाग.
मांजरं येतात, चाटतात.
त्यांच्यापर्यंत बातमी पोचलेली नाही.

शेवटची एक ठेवून घेतो. मीठ, चिमूटभर जिरं.
तोंडाला लावण्याआधी हुंगतो.
पूर्वी हुंगत नव्हतो.

दाभोळहून मैमुनाचा फोन.
"ते तुमच्या कंपनीचं... तुम्ही नाही ना पीत?"
नाही, म्हणतो,
आणि मिशीवरचा पांढरा पट्टा
जिभेनं टिपून घेतो.