पंचवीस पॉइंट सहा

डॉक्टर म्हणाले, तीन महिने स्टेअरिंग नाही.
छातीत स्प्रिंग बसवलेला माणूस मी,
ऐकलं.
गाडी लावली उचगावात, रेंदाळकरांच्या मोकळ्या प्लॉटात,
तोंड हायवेकडं करून,
निदान तिला तरी दिसावं कोण कुठं निघालंय ते.

दहाव्या दिवशी चावी फिरवली
तर नुसतं टक्.
पुन्हा टक्.
डॅशबोर्डचा दिवा काजव्याएवढा लागला आणि गेला.
चालली नाही, हलली नाही,
मग खाल्लं कुणी?

दस्तगीर नदाफ आला उद्यमनगरातून,
खिशात टेस्टर, कानावर बिडी.
बॅटरी बॉक्सचं झाकण काढून बराच वेळ वाकून राहिला.
"आप्पा, हे फायनान्सवाल्यांचं जीपीएस बघा.
रात्रंदिवस कंपनीला सांगतंय गाडी कुठं आहे."
कुठं आहे?
इथंच आहे.
इथंच आहे, इथंच आहे,
एवढ्या निरोपापायी दोन बॅटऱ्या पिऊन टाकल्या त्यानं.

ते काढायचं नाही, करारात लिहिलंय.
मग दस्तगीरनं दोन पॅनेलं आणली,
बुडालेल्या कुठल्याशा पतसंस्थेच्या गच्चीवरची,
एकाची फ्रेम चेपलेली.
टपावर कॅरियरला आवळली, वायर खिडकीच्या रबरातून आत,
सीटमागं डबा, डब्यावर हिरवा दिवा.
"थेंब थेंब भरतंय. भरलं की आपसूक थांबतंय.
तुम्ही फक्त काच पुसत जावा."

एवढं काम मिळालं मला.
सकाळी सातला जुनी बनियन भिजवून शिडीवर.
(शिडी चढू नका असं डॉक्टर बोलले नव्हते.
मी विचारलंही नव्हतं.)
कबुतरांचं असतं, कारखान्याच्या धुराड्याची काजळी असते,
पुसलं की काचेत आभाळ येतं
आणि माझं टक्कल.

आकडा बघायचा तो दिवेलागणीला.
ऊन असताना बघू नये, तेव्हा तो फुगलेला असतो,
पगाराच्या दिवशी माणूस असतो तसा.
पंचवीस पॉइंट एक.
पंचवीस पॉइंट चार.
बायको माझं बीपी लिहिते त्याच वहीत हेही लिहिते.
डॉक्टरनं एकदा बोट ठेवून विचारलं,
हे पंचवीस पॉइंट सहा काय?
म्हटलं, ते तिचं.

पौषात सूर्य दक्षिणेला कलला,
आणि शेजारच्या अपार्टमेंटचा तिसरा स्लॅब पडला.
दहा वाजल्यापासून सावली टपावर.
वहीत आकडा उतरायला लागला.
चाळीस फूट पुढं घेतली की ऊनच ऊन,
पण नऊ टनांचं रिकामं धूड ढकलणार कोण,
आणि मला तर मनाई.

सुव्रता, माझी थोरली,
गोकुळ शिरगावला फौंड्रीत फोर्कलिफ्ट चालवते.
डबा खाऊन झाल्यावर ओढणी कमरेला बांधली, म्हणाली, मी घेते.
पाय पुरतो का बघितलं. पुरला.
चावी फिरवली.
गाडी एका झटक्यात बोलली,
काळा धूर, कबुतरं उडाली,
राजकोटला गुळाचे रवे नेताना गुरगुरायची तश्शी.
"थांब," मी ओरडलो, "हवा भरू दे, ब्रेकला हवा भरू दे."
काटा चढेपर्यंत आम्ही दोघं गप्प,
ती वर, मी खाली.

तीस वर्षांनी पुन्हा क्लीनरच्या जागी उभा होतो,
धुळीत, हात वर करून.
येऊ दे. येऊ दे. येऊ दे.
डावं मार.
येऊ दे.
बास.

दुपारी फायनान्सच्या पोराचा फोन आला,
काका, गाडी हलली काय?
हलली, म्हटलं.
कुठं?
उन्हात.