चव

सासऱ्यांनी जाताना मला होडी दिली नाही, घड्याळही नाही.
खड्डा दिला.
दोन पुरुष खोल, प्रवाळ फोडून खणलेला,
त्यांच्या पणज्यानं म्हणे, शिंपल्याच्या पात्यांनी.
तळाशी पावसाचं गोडं पाणी,
खाऱ्यावर सायीसारखं तरंगणारं,
आणि त्यात पुलाका, आपला अळूचा थोरला भाऊ,
एकेक पान एवढं, की खाली पोर निजावं.

मी एकवीस वर्षं जहाजांवर, इंजिनखोलीत.
हॅम्बुर्ग, सांतोस, बुसान.
देवाशी ओळख होती ती बंदराशी असते तशी:
वादळात आठवायचं,
निघताना वळूनही बघायचं नाही.

"ह्याला रोज खाऊ घालावं लागतं,"
काईतू म्हणाले. श्वास तुटत होता, बोलणं मात्र सलग.
"सुकी पानं, काळी माती, टोपलीभर.
आणि वाढतंय का म्हणून उपटून बघू नकोस."

फेब्रुवारीत मोठी भरती आली.
वैतुपूत समुद्र रस्त्यानं येत नाही, जमिनीतून वर येतो.
चुलीपाशी पायाखाली बुडबुडे,
खेळाच्या मैदानात मासे.
सकाळी पुलाकाची पानं कडेनं पिवळी,
कागद पेटता पेटता विझावा तशी.
मी बोट बुडवलं, जिभेला लावलं.
मीठ.

त्या रविवारी पाळक म्हणाले, आपण जगाचं मीठ व्हावं.
मागच्या चटईवर मला हसू फुटलं,
पासेमेतानं कोपरानं ढोसलं.
मी मनात म्हणालो, प्रभू, मीठ पुष्कळ झालंय इथं,
दुसरं काही असेल तर बघ.
बहुतेक ती माझी पहिली प्रार्थना.
त्याआधीच्या सगळ्या पाठ होत्या.

मग? मग काही नाही.
सरकारी माणूस आला, बाटलीत पाणी घेऊन गेला,
आकडा कळवला. चांगला नव्हता.
शेजारच्या तिघांनी खड्डे सोडले.
दुकानात तांदूळ मिळतो, ऑकलंडला भाऊ असतो,
मी त्यांना नावं ठेवत नाही.
माझाही अर्ज भरलेला होता, उशीखाली.

पण पहाटे चारला जाग यायची,
इंजिनखोलीतली पाळी अंगात मुरलेली.
दुसरं काम नव्हतं, म्हणून टोपली घ्यायचो.
ह्याला विश्वास म्हणू नका, निदान तेव्हा तरी.
नीरफणसाची गळलेली पानं गोळा करायची,
उतरायचं, बुंध्याशी दाबायची,
बोट बुडवायचं. मीठ.
आणि वर येताना, का कोण जाणे, सहाव्याच पायरीवर
एक वाक्य बोलायचं.
"पासेमेताचा गुडघा सुजलाय."
"पोरीचा फोन नाही आला."
एकदा नुसतंच, "तुझं काय चाललंय?"

संध्याकाळी सातला शंख वाजतो,
गावाची दारं लोटली जातात, घरोघर वचन वाचतात.
पूर्वी त्या शंखावर मी सिगारेट घेऊन धक्क्यावर सटकायचो.
आता कंदील माझ्यापुढे असतो.
चष्मा फुटलाय, शब्द चुकतात,
पासेमेता दुरुस्त करते.
वरती काय पोचत असेल,
माझी चूक, की तिची दुरुस्ती?
दोन्ही, असं मला वाटू लागलंय.

दीड वर्ष गेलं. एकोणीस रोपं मेली.
पश्चिमेच्या कोपऱ्यात एक उरलं होतं, हट्टी म्हातारं,
काल त्याच्या पोटातून गुंडाळलेलं पान निघालं,
हिरवं, चिरुटाएवढं.
मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं,
आणि मला ठरवता येईना.
हाक मारली. पासेमेता गुडघा सांभाळत,
मला शिव्या घालत, उतरली.
माझ्याच बोटाची चव घेतली.
"हा तुझा घाम आहे," ती म्हणाली,
"हात धुवून ये."

वर गेलो. टाकीच्या पाण्यानं धुतले,
पुन्हा उतरलो.
अर्ज अजून उशीखालीच आहे.
टोपली खाली ठेवून मी बोट बुडवलं.